उंबऱ्याचा शब्द

माझी बायको आमदारकीला उभी राहिली, त्याच्या कितीतरी आधी मी तिच्या विरोधात शब्द देऊन बसलो होतो. तोही देवीसमोर, नारळावर हात ठेवून. आजही हे सांगताना कान गरम होतात. पण सांगायला हवं, कारण हल्ली लोक मला कार्यक्रमात पुढच्या रांगेत खुर्ची देतात, आणि त्या खुर्चीवर बसायची माझी लायकी किती ते मला चांगलं ठाऊक आहे.

महाडच्या बाजारपेठेत माझं औषधाचं दुकान. गिऱ्हाइकं म्हणतात, याच्याकडे औषध कडू आणि दुकानदार त्याहून कडू. खरं आहे. मला राग पटकन येतो, उतरतोही पटकन, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. बायको इथल्याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची, तीस वर्षं. ती रागावत नाही. ती मुद्दे मांडते. एक, दोन, तीन. त्यापेक्षा तिने भांडी आपटली असती तर परवडलं असतं.

आमचं मूळ गाव पोलादपूरच्या वर, उमरठ मागे टाकून डोंगरात शिरलं की लागतं. राहतो महाडला, पण मतदार यादीत नाव गावचं. माझं आहे म्हणून तिचंही. शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे देवीच्या चौथऱ्यावर, बसली की दुसऱ्या दिवशी तिथेच सभामंडपात गावकी बसते, म्हणजे सगळ्या घरांची बैठक. या बैठकीत माणसं मोजत नाहीत, उंबरे मोजतात. एका उंबऱ्याला एक शब्द, आणि तो घरच्या कर्त्या पुरुषाने द्यायचा. बायका खाली पायऱ्यांवर उभ्या राहून ऐकणार. पालखी आधी कुणाच्या दारी, पाण्याची टाकी कुणी धुवायची, आणि निवडणूक जवळ आली की मत कुणाला, सगळं असंच ठरतं. ठरलं की देवीपुढे नारळ ठेवायचा आणि प्रत्येक उंबऱ्याने त्यावर हात ठेवायचा. मग जग इकडचं तिकडे झालं तरी बदल नाही.

त्या शिमग्याला आमदारकीचा एक इच्छुक गावात आला होता. सभामंडपावर त्याने नवे पत्रे घातलेले. इतकी वर्षं उन्हात पोळत बसणारी मंडळी त्या दिवशी सावलीत बसली होती, उपकार वाटणारच. गावाने एकमताने त्याला शब्द दिला. मीही हात ठेवला, तोही घाईघाईने सगळ्यांच्या आधी, कारण मला दुकान उघडायला परतायचं होतं. बायको पेपर तपासायचे म्हणून महाडलाच थांबली होती. घरी येऊन मी तिला पालखी कशी नाचली ते सांगितलं, पोळ्या किती खाल्ल्या तेही सांगितलं. नारळाचं सांगितलं नाही. लपवलं म्हणाल तर तसंही नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. खरं दुखणं ते आहे.

मेअखेर ती निवृत्त झाली. शाल, श्रीफळ, भाषणं झाली, आणि घरी येताना ती एक जुनी वही घेऊन आली. पोलादपूरच्या डोंगरातून पहिल्या वर्षाला आलेल्या आणि दिवाळीनंतर वर्गातून गायब झालेल्या मुलींची नावं तिने त्यात दरवर्षी लिहून ठेवली होती. कारण एकच. वरच्या गावांना जाणारी शेवटची एसटी सव्वाचारला सुटायची आणि शेवटचा तास पाचला संपायचा. मग पोरी मिळेल त्या गाडीने पायथ्यापर्यंत जायच्या आणि वर चालत; दिवस लहान झाले, वाटेत अंधार व्हायला लागला की आईबाप म्हणायचे, पुरे झालं शिक्षण. तिने डेपोला किती अर्ज केले त्याला गणती नाही. एकदा चहा पिता पिता ती म्हणाली, "अर्ज करून झाले. आता मी विधानसभेला उभी राहते. अपक्ष."

मी टेबलावर अशी थाप मारली की बशी खाली पडली. "उभी राहा! बघतोच कोण पाडतो ते!"

दुसऱ्या दिवशी दाढी करताना मला नारळ आठवला. गाल कापला. अरे देवा! मी मनाशी म्हटलं, पुढचं पुढे बघू. आणि गप्प राहिलो, ते थेट गणपतीपर्यंत.

गणपतीला गावी गेलो. गावकीचे पुढारी माझे थोरले चुलतभाऊच. त्यांच्या घरी, वहिनींच्या चुलीपाशी मोदक चालले होते. मी ओटीवर पेपर वाचत होतो, कान आत. वहिनी म्हणाल्या, "तू उभी ऱ्हातेस ते लय बरं गो बाय. पन गावाचा नारळ तर गेला. शिमग्यातच गेला. भावोजींचा पन हात हाय त्यावर."

बायकोने हातातला मोदक नीट मिटवला, मोदकपात्रात ठेवला, आणि मग दारातून माझ्याकडे बघितलं. मी पेपर आणखी वर धरला.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मुद्दे आले. "एक. मी तीस वर्षं पोरांना शिकवतेय, एक माणूस, एक मत. दोन. माझं मत तुम्ही मला न विचारता कुणाला तरी देऊन आलात." मी तिसऱ्याची वाट बघत होतो. तो आलाच नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, तिचा तिसरा मुद्दा आला नाही असं पहिल्यांदाच झालं, आणि मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, गावात जाऊन सगळ्यांना सरळ करतो. ती म्हणाली, "अजिबात नाही. कुणाला शब्द मोडायला सांगायचं नाही. लोकांना शब्द मोडायला लावून मी निवडून आले, तर उद्या माझ्या शब्दाला काय किंमत?"

"मग तक्रार कर. देवापुढे मतं बांधून घेणं कायद्यात बसत नाही, तूच सांगतेस."

"सख्ख्या चुलत दिरांवर तक्रार करू? त्यांना कुणी धमकावलं नव्हतं. त्यांनी तुमच्यासारखंच केलं."  कप्पाळ!

बाकी मतदारसंघात मात्र मजा चालली होती. तीस वर्षांचे विद्यार्थी म्हणजे काय चीज असते ते मला तेव्हा कळलं. कुठे तलाठी, कुठे नर्स, कुठे एसटीचा कंडक्टर. नाते गावात एक पानवाला टपरीतून उडी मारून आला आणि चारचौघांत म्हणाला, "मॅडमनी मला कॉपी करताना पकडलं होतं. वर्ष गेलं माझं. ही बाई कुणाला सोडणार नाय, हिलाच मत द्या!" त्या दिवसापासून त्याच्या टपरीवर आमचंच कार्यालय. वरंधला घाटरस्त्याबद्दल कुणी काही विचारलं, तर तिने वही काढली आणि म्हणाली, "याचं उत्तर मला आत्ता माहीत नाही. अभ्यास करून सांगते." मी कपाळावर हात मारला, कुठला उमेदवार असं बोलतो? पण आठवड्याने ती खरोखर उत्तर घेऊन परत गेली, आणि वरंधची माणसं चाटच पडली. असला उमेदवार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

आमची जीप माझ्या एका मित्राची. महाडचाच, ट्रकचा धंदा, भाऊ कुवेतला. लहानपणापासून त्याला माझी उणीदुणी पाठ. दिवाळीच्या आधी तो दुकानात येऊन काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "सगळीकडे भाभींची हवा आहे रे. फक्त तुझ्या गावात नाही."

"माहितीये."

"तुला माहितीये, आता सगळ्यांना माहीत झालंय. पोलादपुरात लोक मला विचारतात, जिला सासरचं गाव मत देत नाही तिला आम्ही का द्यावं? मी काय सांगू? नवऱ्यानेच नारळ दिलाय म्हणून सांगू?"

तो गेल्यावर मी एका गिऱ्हाइकाला खोकल्याऐवजी पोटाचं औषध काढून दिलं. नशीब, त्याने बाटली वाचली. इतक्या वर्षांची तिची मेहनत, ती वही, ती पोरं, आणि सगळं अडणार कुठे, तर माझ्या हाताखालच्या नारळावर. माझ्यामुळे ती पडली तर मी तिला तोंड कसं दाखवणार होतो?

दिवाळीच्या पाडव्याला मुंबईकर मंडळी गावी येतात आणि गावकी पुन्हा बसते. मी बायकोला न सांगता गेलो. शब्द मोडा म्हणून सांगायचं नाही हे तिचं बजावणं मला पाठ होतं, पण डोकं तापलं की पाठांतर कुठे टिकतं? भाषण तयार होतं. मी उभा राहिलो, घसा साफ केला, आणि चुलतभाऊ म्हणाले, "बस रे. तुझा पन हात हाय नारळावर. आमच्या आदी तुझाच व्हता." सगळे हसले.

माझं रक्त डोक्यात गेलं. "अरे, तुमच्या घरची सून उभी आहे! आणि तुम्ही पत्र्यांच्या सावलीसाठी..." झालं! एकच गोंधळ उडाला. एक मुंबईकर उठून म्हणाला, "भाऊ, इमोशनल नका होऊ. कमिटमेंट म्हणजे कमिटमेंट." दुसरा म्हणाला, देवीपुढे दिलेला शब्द फिरवला तर गावाचं भलं होणार नाय. आणि खोटं कशाला बोलू, त्यांचं बरोबर होतं. मीच लहानपणापासून तेच ऐकत आलो होतो.

इतक्यात पायऱ्यांवरून वहिनींचा आवाज आला. "इचारू काय एक?"

"बायकांनी मधी बोलायचं नाय," चुलतभाऊ म्हणाले.

"मधी कुठं? पायरीवरनंच बोलते." आणि माझ्याकडे बघून, "भावोजी, नारळावर हात ठेवलात तवा तुमी तिला इचारलंवतं काय?"

बोलण्यात मी कुणाला हार जात नाही, बाजारपेठेत विचारा. पण तिथे मी मान खाली घातली. मी म्हटलं, "नाही."

"जरा मोठ्यानं. मागं ऐकू येत नाय."

मग मी मोठ्याने बोललो. ठरवलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. "नाही विचारलं! माझ्या उंबऱ्याच्या आत दोन मतं आहेत. एक माझं, ते मी दिलं. दुसरं तिचं, ते मी तिला न विचारता उचलून दिलं. माझं नव्हतंच ते. देवीपुढे मी खोटा शब्द दिला, आणि घरी जाऊन तिला सांगितलाही नाही."  साठीच्या माणसाने चारचौघांत असं बोलायचं म्हणजे काय होतं ते मलाच ठाऊक.

 म्हातारे गुरव कोपऱ्यात बसले होते, देवीची पूजाअर्चा त्यांच्याकडे. ते सावकाश म्हणाले, "आपलं नाय ते दिलं, तर तो शब्द खोटा. खोटा शब्द देवी ठेवून घेत नाय. एक नारळ द्यायचा, नाक घासायचं, शब्द सुटला. माझ्या आज्यापासनं हीच रीत हाय."

"पन त्याचं सोताचं मत तर त्यानं दिलंय," चुलतभाऊ म्हणाले. "शब्द अर्धा कसा सुटंल?"

"अर्धा नाय सुटत. उंबऱ्याचा शब्द एकच. सुटला तर सगळाच सुटला."

मी नारळ आणला, देवीपुढे नाक घासलं. चांगलं घासलं, सालटं निघेपर्यंत. उठलो तेव्हा चुलतभाऊ सगळ्यांना सांगत होते, "याचा सुटला. बाकी गावाचा शब्द पक्का. मी तरी घरात इचारून हात ठेवलाय."

"कवा?" वहिनी पायरीवरून म्हणाल्या.

"इचारलंवतं की. जेवताना."

"जेवताना तुमी मीठ मागितलंत."

अख्खी सहाण हसली. मुंबईकर तर पोट धरून हसले. चुलतभाऊ लालबुंद झाले, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. डोक्यावरची टोपी काढून ते गुरवांना म्हणाले, "माझा पन नारळ घ्या." त्यानंतर एकेक जण उठायला लागला. कुणी आईला विचारलं नव्हतं, कुणी बायकोला, एकाने तर लग्नाच्या वयाच्या, दोनदा मत देऊन झालेल्या लेकीलाही विचारलं नव्हतं. गावच्या एकुलत्या दुकानातले नारळ संपले. पोलादपूरला दुचाकी पिटाळली. पाच-सहा उंबऱ्यांनी मात्र नारळ दिला नाही, कारण त्यांनी खरंच घरात विचारून शब्द दिला होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत राखला. त्यांच्याबद्दल मला आजही आदर वाटतो.

आणि मी? जित्याची खोड! एवढं सगळं झाल्यावर मला उत्साहाचं भरतं आलं. मी ओरडलो, "चला, आता हिच्या नावाने नारळ ठेवू!"

"परत?" वहिनी म्हणाल्या. "बसा खाली."

मी बसलो. नवा नारळ कुणाच्याच नावाने ठेवला नाही. त्या गावात निवडणुकीला नारळ मोकळा राहिला असं आठवणीत पहिल्यांदाच झालं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. न सांगता गेलो म्हणून मुद्दे येणार असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "नाक घासलंत?"

"घासलं."

"बघू." तिने माझा चेहरा उजेडाकडे वळवला, हळद आणली आणि नाकाला लावली. औषधाचं दुकान माझं, आणि मलम आठवलं नाही दोघांनाही.

चिन्ह मिळालं किटली. पुढचे पंधरा दिवस जिथे जाऊ तिथे लोक विचारत, "चहा कुठाय?" आणि ती सांगे, "निवडून आल्यावर नाही, आत्ताच घ्या, पण तुमच्याच घरचा." लोक खरंच चहा पाजत. मी तेवढे कप आयुष्यात प्यायलो नसेन. आचारसंहितेची तिला एवढी धास्ती, की एका घरी लाडू दिला तर तोही तिने खर्चात लिहायचा का म्हणून विचारलं.

मतदानाच्या दिवशी गावच्या शाळेपुढे बायकांची रांग पाखाडीच्या दगडी पायऱ्यांपर्यंत गेली होती. वहिनी सगळ्यांत पुढे. कुणाला मत देणार हे कुणी कुणाला विचारत नव्हतं, नजर मिळाली की नुसतं हसत होत्या. मी आत गेलो, बटण दाबलं, आवाज आला, बाहेर आलो. 

मोजणी महाडला. मी तिचा प्रतिनिधी म्हणून जाळीच्या बाहेर टेबलापाशी पेन्सिल घेऊन बसलेलो. मोठे दोघे उमेदवार एकमेकांची मतं खात होते आणि मधून आमची किटली वर येत होती. कधी पुढे, कधी मागे. माझा मित्र बाहेरून दर पाच मिनिटांनी निरोप पाठवत होता, काय झालं, काय झालं. शेवटच्या फेरीला ती दुसऱ्या नंबरवर होती, शंभर-सव्वाशे मतांनी मागे. पुढे कोण? तोच, पत्रेवाला. आणि उरली होती ती पोलादपूरच्या डोंगरातली केंद्रं.

आमच्या गावचं यंत्र माझ्याच टेबलावर आलं. सील मोडलं. अधिकाऱ्याने बटण दाबलं, एकेक उमेदवाराचा आकडा दिसू लागला. पत्रेवाल्याचा आला, तो मी लिहिला. पाच-सहा उंबऱ्यांचा होता तेवढा होता, आणखी थोडा. मग किटलीचा आला. मला आकडा दिसला, पण कळेना. मी शेजारच्या प्रतिनिधीला विचारलं, "काय आहे हो?" तो विरोधी बाजूचा. त्याने माझ्याकडे बघितलं, उसासा टाकला आणि म्हणाला, "लिहा काका, तुमचंच गाव आहे." माझ्या पेन्सिलचं टोक मोडलं. त्याने आपलं पेन दिलं.

वरच्या वाड्यांची बाकीची यंत्रंही तशीच निघाली. आमच्या सहाणेवरची गोष्ट डोंगरभर फिरली होती, आणि कुठे कुठे नारळ सुटले ते मला नंतर कळलं. तिचं नाव जाहीर झालं तेव्हा मी खुर्चीवर उभा राहिलो. पोलिसाने खाली उतरवलं. तोही तिचा विद्यार्थी निघाला, उतरवता उतरवता स्वतःच नाचायला लागला.

बाहेर खालू बाजा सुरू झाला होता. नाते गावचा पानवाला गुलालाची पोती घेऊन उभा. माझा मित्र ट्रकचा भोंगा वाजवत सुटलेला, बाजारपेठ दणाणून गेली. गावाहून दोन टेम्पो भरून बायका आल्या होत्या. वहिनी टेम्पोच्या फाळक्यावर उभ्या राहून ओरडत होत्या आणि आमचे चुलतभाऊ खाली टोपी उडवत नाचत होते. काय सांगू, मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. लग्नातसुद्धा नाही, आणि हे तिच्यासमोरही कबूल करतो.

गर्दीतून वाट काढत मी तिच्यापर्यंत पोहोचलो. केस गुलालाने माखलेले, चष्मा तर पुसण्यापलीकडे गेलेला, ती हसत होती. मला वाटलं, आता सांगायलाच हवं. त्या भयंकर आवाजात मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "मी तुलाच मत दिलं! शपथेवर सांगतो, तुलाच!"

तिने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"मी विचारलं होतं का?" ती म्हणाली. "तुमचं मत होतं. तुम्हाला हवं त्याला द्यायचं होतं."

मी तिथेच रडायला लागलो. लोक म्हणाले, काकांच्या डोळ्यांत गुलाल गेला.